छिद्र शिवता येतं, फुप्फुसाचं काय?

डायफ्रॅमला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याला, छिद्र घेऊन जन्मलेल्या बाळाच्या जिवाला खरा धोका त्या छिद्राचा नसतो. छिद्र शस्त्रक्रियेने शिवता येतं. पण पोटातली आतडी, कधी यकृतसुद्धा, गर्भातच त्या वाटेने छातीत शिरलेली असतात आणि फुप्फुसांना वाढायला जागा उरलेली नसते. साधारण अडीच ते तीन हजार जन्मांमागे एका बाळात हा दोष, म्हणजे जन्मजात डायफ्रॅमॅटिक हर्निया आढळतो. बहुतेकदा छिद्र डाव्या बाजूला असतं, पण खुंटतात दोन्ही फुप्फुसं. त्या बाजूचं जास्त.

पूर्वी अशा बाळाला जन्मल्याबरोबर ऑपरेशनला नेत. १९८०च्या दशकात हळूहळू उमगत गेलं, की घाईच्या शस्त्रक्रियेने फुप्फुसाचं काहीच सुधारत नाही. आता आधी बाळ स्थिरावू देतात, टाके नंतर. त्यामुळे पहिले काही दिवस भिस्त असते ती जपून चालवलेल्या व्हेंटिलेटरवर आणि औषधांवर.

या बाळांची फुप्फुसं नुसती लहान नसतात. त्यांतल्या रक्तवाहिन्या संख्येने कमी असतात आणि ज्या असतात त्यांच्या भिंतींतला स्नायू जाड असतो. जन्मानंतर या वाहिन्या सैल पडून रक्ताला वाट द्यायला हव्यात, तिथे त्या आवळलेल्याच राहतात. फुप्फुसातला रक्तदाब चढा राहतो आणि हृदयाच्या उजव्या कप्प्यावर ताण येतो. एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, अशा बाळाला ऑक्सिजन मोजणारे दोन सेन्सर लावलेले दिसतात, एक उजव्या हाताला, दुसरा पायाला. गर्भात फुप्फुसांना वळसा घालून रक्त नेणारी डक्टस नावाची वाहिनी जन्मानंतरही काही काळ उघडी असते. फुप्फुसातला दाब फार वाढला की ऑक्सिजन न मिळालेलं रक्त तिच्यातून थेट महाधमनीत उतरतं आणि शरीराच्या खालच्या भागाकडे जातं. मग हाताला ९३ आणि पायाला ८० असे आकडे दिसतात. त्या दोन आकड्यांतलं अंतर पाहूनच डॉक्टरांना दाबाचा अंदाज येतो.

इथे पहिलं नाव येतं नायट्रिक ऑक्साइडचं. हा वायू श्वासावाटे देतात, दहा लाख भागांत सुमारे २० भाग इतक्या अल्प प्रमाणात. तो फुप्फुसातल्या वाहिन्यांचा स्नायू सैल करतो आणि रक्तात शिरताच हिमोग्लोबिन त्याला निष्प्रभ करतं, त्यामुळे बाकी शरीरातला रक्तदाब घसरत नाही. चढ्या फुप्फुसदाबाच्या इतर नवजात बाळांना त्याचा चांगला उपयोग होतो. अमेरिकेत १९९९ साली त्याला मान्यता मिळाली. मात्र डायफ्रॅमॅटिक हर्नियाच्या ५३ बाळांवरच्या चाचणीचे निष्कर्ष १९९७ साली आले, तेव्हा मृत्यूंच्या प्रमाणात फारसा फरक नव्हता. उलट हृदय-फुप्फुसाचं काम बाहेरून करणाऱ्या एक्मो यंत्राची गरज वायू दिलेल्यांपैकी ८० टक्के बाळांना लागली, न दिलेल्यांपैकी ५४ टक्क्यांना. गट लहान होता, त्यामुळे वायू अपायकारक ठरला असं म्हणणं घाईचं होईल. फायदा मात्र दिसला नाही, हे नक्की.

असं का व्हावं? मला या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच वाटतो. एक कारण उघड आहे: मुळात नसलेली वाहिनी कुठलंही औषध उघडू शकत नाही. दुसरं कारण हृदयात आहे. गर्भात फुप्फुसांतून हृदयाकडे परतणारं रक्त कमी, त्यात छातीतल्या आतड्यांची दाटी, त्यामुळे अनेक बाळांत हृदयाचा डावा कप्पाही लहान आणि दुबळा राहतो. नायट्रिक ऑक्साइडने वाहिन्या उघडल्या तर जास्तीचं रक्त या दुबळ्या कप्प्याकडे येतं, त्याला ते पुढे ढकलता येत नाही, आणि फुप्फुसांत पाणी साठू लागतं. पुढचा पूल अरुंद असताना नाका मोकळा केला, तर कोंडी फक्त जागा बदलते.

म्हणून औषधाआधी हृदयाची इको तपासणी हवी. डावा कप्पा दुबळा दिसला तर मिलरिनोन या औषधाचा विचार होतो. ते हृदयाचं आकुंचन सुधारतं आणि त्याला नीट सैल पडायलाही मदत करतं. पण त्याने रक्तदाब उतरू शकतो, आणि ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्याने लघवी कमी झालेल्या बाळात साठत जातं. उजवा कप्पा थकत असेल आणि डक्टस मिटू लागली असेल, तर प्रोस्टाग्लँडिन देऊन ती मुद्दाम उघडी ठेवतात. पायाचा ऑक्सिजनचा आकडा त्यामुळे कमी राहतो, पण उजव्या कप्प्याला दाब सोडायला वाट मिळते. काही तास नायट्रिक ऑक्साइड देऊनही इकोत आणि आकड्यांत सुधारणा नसेल, तर केवळ हाताशी आहे म्हणून ते चालू ठेवण्यात अर्थ नाही.

सिल्डेनाफिल हे औषध मोठ्यांना व्हायग्रा म्हणून माहीत आहे. नायट्रिक ऑक्साइडमुळे पेशीत जो संदेशवाहक रेणू तयार होतो, तो मोडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) ते अडवतं. पहिल्या दिवसांत ते शिरेतून देतात, पुढे गरज पडल्यास तोंडाने काही महिनेही. बंद करताना डोस पायरीपायरीने उतरवावा लागतो, कारण एकदम थांबवलं तर दाब पुन्हा उसळू शकतो. अकाली जन्मलेल्या बाळांना तारणारं सर्फॅक्टंट, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या मिटू न देणारा पदार्थ, मात्र या आजारात सरसकट देत नाहीत. नोंदींच्या अभ्यासांत त्याचा लाभ आढळला नाही.

ही सगळी औषधं, आहेत त्याच वाहिन्या सैल करतात किंवा हृदयाला आधार देतात. फुप्फुस वाढवण्याचं औषध हवं असेल तर ते जन्माआधीच द्यायला हवं, म्हणून गरोदर आईला सिल्डेनाफिल देण्याची कल्पना पुढे आली. प्राण्यांत निष्कर्ष आशादायक होते. मात्र गर्भाची वाढ खुंटलेल्या गरोदर स्त्रियांना हेच औषध देणारी नेदरलँड्समधली चाचणी २०१८ साली थांबवावी लागली, कारण औषध दिलेल्या गटात फुप्फुसांच्या तक्रारी आणि बाळांचे मृत्यू जास्त आढळले. आजार वेगळा होता, तरी सावध व्हायला तेवढं पुरेसं होतं. आता काही संशोधक गर्भजलातल्या मूलपेशींनी सोडलेल्या अतिसूक्ष्म पुटिकांकडे, म्हणजे इवल्या पिशव्यांकडे, वळले आहेत. नायट्रोफेन या तणनाशकामुळे हाच दोष निर्माण झालेल्या उंदरांच्या फुप्फुसांना या पुटिका दिल्या, तेव्हा खुंटलेल्या श्वासनलिकांना पुन्हा फांद्या फुटू लागल्या.