कौल, चिरा आणि पुळण: जुन्या किरणोत्साराची नोंद

गारगोटीच्या कणावर किरणोत्सार पडला की सुटलेले इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या दोषांमध्ये अडकतात. उष्णता किंवा प्रकाश दिला की ते सुटतात आणि कण मंद चमकतो. चमक जितकी जास्त, तितकी साठलेली मात्रा, म्हणजे शोषलेला किरणोत्सार, जास्त. यावरून जुन्या अपघातातला किरणोत्सारही काढता येतो. ही चमक किरणोत्सार मोजण्याचे साधन म्हणून वापरावी, ही कल्पना फॅरिंग्टन डॅनियल्स आणि सहकाऱ्यांनी 1953 मध्ये मांडली. 1960च्या दशकात जपानी संशोधकांनी हिरोशिमा-नागासाकीतली कौले तापवून बॉम्बच्या गॅमा किरणांची मात्रा काढली. उष्णतेऐवजी प्रकाशाने कण चेतवण्याची पद्धत 1985 मध्ये आली आणि मग वाळूही हाताशी आली, कारण तिची जुनी नोंद उन्हानेच पुसली जाते.

कोकणात अडचण दगडाची आहे. बेसॉल्टमध्ये गारगोटी जवळपास नसतेच. त्यातल्या फेल्डस्पारची साठवलेली नोंद आपोआप गळत जाते, त्यामुळे मात्रा कमी दिसते. जांभ्याचा चिरा भट्टीत जात नाही, म्हणून त्याची नोंद कधी शून्यावर आली हेच कळत नाही. करलाची (शिंपले आणि वाळू चिकटून बनलेल्या किनारी खडकाची) पूड 10 टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात टाकली की शिंपल्यांचा चुना फसफसून जातो आणि हाती थोडेच कण उरतात. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या पुळणीत मात्र गारगोटी भरपूर मिळते.

घरातल्या वस्तूंमध्ये या मोजणीला सर्वांत उपयोगी मंगलोरी कौल. भट्टीत जुनी नोंद पुसली जाते. फक्त त्यावरचा सनाचा आकडा कारखान्याच्या स्थापनेचाही असू शकतो. तो भाजणीचा समजलात तर सगळा हिशेब चुकतो. लाल दिव्यात कौलाच्या दोन्ही बाजूंचे 2 मिलिमीटर खरवडून टाकावे, कारण उन्हाने तिथली नोंद पुसलेली असते. मग 90 ते 250 मायक्रॉनचे कण निवडून आम्लांनी साफ करावे. मोजणी निळ्या प्रकाशाखाली 125 अंश सेल्सिअसला होते. त्याआधी कण 200 ते 260 अंशांवर तापवतात, म्हणजे अस्थिर अडकण निघून जाते. माहीत असलेली मात्रा पुन्हा देऊन पाहिल्यावर दोन्ही वेळच्या चमकेचे गुणोत्तर 0.9 ते 1.1 च्या बाहेर गेले तर तो नमुना सोडून द्यावा.

खरी कसोटी वजाबाकीत आहे: एकूण मात्रेतून नैसर्गिक मात्रा वजा केली की अपघाताची उरते. नैसर्गिक दर वर्षाला 3 मिलिग्रे (शोषलेल्या किरणोत्साराचे एकक) धरला, तर 100 वर्षांच्या कौलात 300 मिलिग्रे आधीच जमलेले असतात. त्यात 10 टक्के चूक म्हणजे 30 मिलिग्रे. त्याहून लहान अपघाती मात्रा त्यातच बुडते. शिवाय पावसाळ्यात भिजलेल्या मातीतले पाणी किरण शोषते. म्हणून दर काढताना नुसता उन्हाळ्यातला कोरडा नमुना घेतला, तर दर फुगतो आणि अपघाताची मात्रा आहे त्याहून कमी निघते.