बेली डान्स म्हणजे कॅबरे नव्हे

बेली डान्सचा क्लास लावला म्हटलं की नाशकात हमखास ऐकू येतं, ‘अगंबाई, तो तर पुरुषांपुढे करायचा नाच!’ साफ चूक. इजिप्तमध्ये लग्नकार्यात आज्या-नातीसुद्धा तो नाचतात, अंगभर कपड्यांत. चमचमती चोळी, उघडं पोट हा थाट रूढ झाला १९२०च्या दशकापासून, कैरोच्या नाइटक्लबांत. हिंदी सिनेमाने नेमकं तेवढंच उचललं. क्लासात लेगिंग-कुर्ता आणि कमरेला नाण्यांची ओढणी पुरते. गुडघे सैल, एक टाच उचललेली, कंबर झटक्यात खाली; खांदा मात्र हलता कामा नये. (करून बघा, घाम फुटतो.) ‘पोटाची चरबी वितळते’ हीही थापच, व्यायामाने एकाच जागची चरबी उतरत नाही. आणि सुटलेलं पोट? त्याने काही अडत नाही, नाचताना पोटावर उठणारी लहर उलट झोकात दिसते.