पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, एफडी करण्याआधी हे बघा

मागच्या महिन्यात मावशीकडे गेलो होतो, तिने कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढून एफडीची पावती दाखवली, म्हणे बँकेत ठेवलेत, व्याज एक टक्का जास्त देतात. पावतीवर संस्थेचं नाव मोठ्या अक्षरात आणि खाली बारीक अक्षरात "बिगरशेती सहकारी पतसंस्था मर्यादित". म्हणजे बँक नाहीच ती!

चूक तिची नाहीये. काउंटर तसाच, पासबुक तसंच, संध्याकाळी दुकानावर रोजची छोटी बचत गोळा करायला पिग्मीवाला येतो तोही तसाच, आणि नावात दोन्हीकडे "सहकारी". पण आतून फरक फार मोठा आहे.

सहकारी बँकेला रिझर्व्ह बँकेचं लायसन्स लागतं आणि तिथल्या ठेवींना डीआयसीजीसीचा (रिझर्व्ह बँकेचीच ठेवींचा विमा देणारी कंपनी) विमा असतो. उद्या बँक बुडाली तर मुद्दल आणि व्याज धरून ५ लाखांपर्यंत पैसे परत मिळतात, ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून आहे, त्याआधी १ लाखच होती. आणि हे ५ लाख एका माणसाला एका बँकेत, त्याच बँकेच्या चार शाखांत चार एफडी केल्या तरी हिशोब एकत्रच होतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० खाली नोंदलेली, देखरेख सहकार खात्याच्या निबंधकाची, रिझर्व्ह बँकेचा संबंध नाही आणि डीआयसीजीसीचा विमाही नाही. ठेव सभासदांचीच घेता येते, म्हणून तर एफडीच्या वेळी आपल्याकडून सभासदत्वाचा फॉर्म भरून घेतात. मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटी, म्हणजे एकापेक्षा जास्त राज्यांत चालणारी पतसंस्था असेल तर नोंदणी केंद्रीय निबंधकाकडे, पण हा विमा तिथेही नाही, मल्टिस्टेट म्हणजे जास्त सेफ असं अजिबात समजू नका.

आता बँक म्हणजे काळजीच नको असंही नाही हां, २०१९ ला पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १००० रुपये काढता येत होते, लोकांचे फार हाल झाले. आणि सगळ्या पतसंस्था वाईट असंही मी म्हणत नाही, गावात छोट्या दुकानदाराला आठवड्याभरात कर्ज तीच देते. पण आयुष्यभराची पुंजी ठेवायची तर पावतीवरचं पूर्ण नाव वाचा, डीआयसीजीसीच्या वेबसाइटवर विमा असलेल्या बँकांची यादी आहे त्यात ते नाव शोधा, आणि पतसंस्था असेल तर ऑडिट वर्ग (हिशोब तपासणीत मिळालेली श्रेणी) कोणता आणि कर्जांची थकबाकी किती ते सरळ विचारा.

मावशीची पावती मार्चमध्ये संपतेय, मोठी रक्कम ती आता बँकेत हलवणार आहे, पिग्मी मात्र चालू ठेवणार म्हणाली.