हायब्रिडचं ॲव्हरेज: स्क्रीन सांगते तेवढंच?

‘हायब्रिडचं (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर, दोन्ही असलेल्या गाडीचं) ॲव्हरेज स्क्रीनवर दिसतंच, वही कशाला ठेवायची?’ हा समज जुना आहे आणि चुकीचाही. इंजेक्टरने किती पेट्रोल सोडलं, यावरून गाडीच्या कॉम्प्युटरने बांधलेला तो अंदाज असतो. बऱ्याच गाड्यांत तो जरा खुशामतीच निघतो. चुकून रीसेट झाला, की मागचं सगळं पुसलं.

खरा हिशेब म्हणजे दर वेळी टाकी फुल करून किलोमीटर आणि लिटर लिहून ठेवणं. नोंदी ठेवणारेही पुढे एक गफलत करतात: प्रत्येक खेपेच्या ॲव्हरेजची सरासरी काढतात. समजा, ६०० किमीला २४ लिटर लागले, म्हणजे २५. पुढच्या खेपेला गल्लीबोळातल्या १५० किमीला १० लिटर, म्हणजे १५. सरासरी २०? नाही. एकूण ७५० भागिले ३४, म्हणजे २२ च्या किंचित वर.

‘पण टाकी भरताना बॅटरीतला चार्ज कधी कमी, कधी जास्त असतो, त्याचं काय?’ प्लग नसलेल्या हायब्रिडची बॅटरी साधारण १ ते १.५ किलोवॉट-तासांची (एक किलोवॉट-तास म्हणजे विजेचं एक युनिट), त्यातलाही काही भागच वापरात. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ किलोवॉट-तास ऊर्जा असते. तेव्हा तो फरक विसरा. (प्लग-इन गाडीत मात्र विजेचे युनिट वेगळे लिहावेच लागतात.)

थंडीत इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, त्यामुळे आकडा घसरतो. म्हणून निदान वर्षभराच्या नोंदी हव्यात. दोन टाक्यांवरून गाडीला नावं ठेवू नयेत.