अर्ध्यावर तुटणारी लाइन आणि डिप्लॉय स्क्रिप्ट

देवगड हापूस विकणाऱ्या किंवा तारकर्लीच्या होमस्टेचं बुकिंग घेणाऱ्या साइटचा सर्व्हर सहसा कोकणात नसतो. तो मुंबईच्या नाहीतर सिंगापूरच्या डेटा सेंटरमध्ये असतो. कोड मात्र कणकवलीत, रत्नागिरीत बसून लिहिला जातो, आणि पावसाळ्यात इथे लाइट कधी जाईल याचा नेम नाही. कोड सर्व्हरवर चढवताना इंटरनेटची लाइन मध्येच तुटली तर? नवा कोड सर्व्हरवर चढवून चालू करणाऱ्या आज्ञांची यादी म्हणजे डिप्लॉय स्क्रिप्ट. तिला आजचं रूप आलं ते बरंचसं याच प्रश्नामुळे.

सुरुवात एफटीपीची, म्हणजे एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर फाइली पाठवायच्या पद्धतीची. १९७१ मध्ये अभय भूषण यांनी त्याचा पहिला मसुदा लिहिला. ते आयआयटी कानपूरहून एमआयटीत गेलेले. पुढे वेबसाइटी आल्यावर सगळ्यांनी तेच वापरलं: एका खिडकीत आपला कॉम्प्युटर, दुसरीत सर्व्हर, फाइली इकडून तिकडे ओढायच्या. यात पासवर्ड उघड्यावर जायचा, आणि चढवणं संपेपर्यंत साइट अर्धी जुनी, अर्धी नवी असायची.

पासवर्डचा प्रश्न आधी सुटला. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्डची चोरी झाली, तेव्हा १९९५ मध्ये तिथल्या तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं, म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरवर सांकेतिक रूपात, सुरक्षितपणे काम करायची सोय. त्यात किल्लीच्या जोडीवर (एक फाइल आपल्याकडे, तिची जोडीदार सर्व्हरवर) लॉगिन होतं, म्हणजे पासवर्ड टाइप करायला माणूस बसवावा लागत नाही. माझ्या मते स्क्रिप्टला खरी वाट मिळाली ती इथे. १९९६ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांचं आरसिंक आलं. ते दोन्हीकडच्या फाइलींच्या तुकड्यांचे चेकसम (मजकुरावरून काढलेले छोटे ओळख-आकडे) ताडून फक्त फरक पाठवतं, त्यामुळे आंब्यांच्या फोटोंनी फुगलेला फोल्डर दरवेळी अख्खा चढवावा लागत नाही.

अर्ध्या साइटचं दुखणं मात्र राहिलंच. रुबी ऑन रेल्स या वेबसाइट बनवायच्या साधनाच्या जगात २००५ च्या सुमारास जेमिस बक यांनी केलेल्या कॅपिस्ट्रानो या डिप्लॉयच्या साधनाने त्यावरचा उपाय रुळवला. प्रत्येक आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये पूर्ण उतरवायची, आणि सगळं नीट बसल्यावरच ‘करंट’ नावाची सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारी पाटी, तिच्याकडे वळवायची. तोवर लाइन तुटली तरी गिऱ्हाइकाला जुनी साइट धडधाकट दिसते. (जुनी लिंक पुसून नवी केली तर मध्ये क्षणभर फट राहते. जाणकार नवी लिंक दुसऱ्या नावाने करून तिचं नाव बदलतात. युनिक्समध्ये ते एका फटक्यात होतं.) परतायचं झालं तर लिंक मागे फिरवायची, बस्स.

२०१३ मध्ये डॉकर आलं, म्हणजे अॅप आणि त्याला लागणारं सगळं एकाच डब्यात बांधायचं साधन. पुढे बिल्ड, म्हणजे कोडपासून चालतं अॅप तयार करणं, हेही सर्व्हरच्या बाजूला होऊ लागलं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-श्रीवर्धन पट्ट्यात कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी आपल्या लॅपटॉपवर काहीच अवलंबून नसलेलं बरं.

डेटाबेसला, म्हणजे ऑर्डरी-बुकिंगच्या नोंदींच्या तक्त्यांना, मात्र लिंक फिरवायची युक्ती लागू पडत नाही. लिंक फिरवून पुसलेला कॉलम परत येत नाही. म्हणून नवा कॉलम आधी वाढवतात, आणि जुना पुढच्या एखाद्या आवृत्तीत काढतात, तोही एप्रिल-मेच्या ऑर्डरी उरकल्यावर.