एकाच नावाचे चोवीस संगणक

"सर्व्हर आपल्याला आयपी पत्त्यावरूनच ओळखतो." फोंड्यातल्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये मला हे ठामपणे सांगितलं गेलं, आणि हा समज किती खोल रुजलाय ते कळलं.

लॅबमध्ये चोवीस संगणक, सगळ्यांच्या फाइली एकाच सर्व्हरवर. एकच संगणक लावला की काम सुरळीत. दुसरा लावला की दोघेही अडखळणार. मुलीने सेव्ह दाबलं की तिची खिडकी गोठायची. ती सुटेपर्यंत शेजाऱ्याची गोठायची. केबली बदलून झाल्या, स्विच बदलून झाला. शेवटी राखणदार देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं ठरत होतं. श्रद्धा ज्याची त्याच्यापाशी, पण 'दुसरा लावला की बिघडतं' इतका नेमका नियम पाळणारा बिघाड शोधला की सापडतोच. मी दोन संगणकांवर टर्मिनल उघडून होस्टनेम, म्हणजे यंत्राचं स्वतःचं नाव, विचारलं. दोन्हींचं उत्तर एकच: लॅब-०१. तिसऱ्यावरही तेच.

दुसऱ्या यंत्रावरची फाइल आपल्याच डिस्कवर असल्यासारखी वापरू देणारी नेटवर्क फाइल सिस्टिम, म्हणजे लॅबमध्येही वापरात असलेली एनएफएस, सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ साली आणली. सुरुवातीच्या आवृत्त्यांत सर्व्हर क्लायंटची, म्हणजे फाइल मागणाऱ्या यंत्राची, आठवण ठेवत नसे. फाइलला कुलूप लावण्याचं, म्हणजे एक जण लिहीत असताना दुसऱ्याला थांबवण्याचं, काम वेगळा प्रोटोकॉल करी. चौथ्या आवृत्तीपासून कुलपं सर्व्हरच सांभाळतो. म्हणजे कुठलं कुलूप कोणाचं, हे त्याला पक्कं माहीत हवं.

पत्त्यावर भिस्त ठेवता येत नाही. लॅपटॉप वायफायवरून केबलवर गेला की पत्ता बदलतो, आणि एका राउटरमागची दहा यंत्रं बाहेरून एकाच पत्त्याची दिसतात. म्हणून क्लायंट पहिल्या भेटीतच दोन गोष्टी सांगतो. एक, स्वतःचं नाव: जास्तीत जास्त १०२४ बाइटांचं, कधीही न बदलणारं. दुसरी, ८ बाइटांचा व्हेरिफायर, म्हणजे पडताळणीची खूण: यंत्र दर वेळी नव्याने सुरू झालं की बदलणारा.

या जोडीवर माझा फार जीव आहे. नाव तेच आणि व्हेरिफायरही तोच, तर मधे फक्त नेटवर्क तुटलं होतं. कुलपं जशीच्या तशी राहू देत. नाव तेच पण व्हेरिफायर नवा, तर यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झालंय. मागच्या जन्मात ज्या प्रोग्रॅमने कुलपं लावली तो आता उरलेलाच नाही, तेव्हा ती कुलपं लगेच काढून टाकायची. नुसतं नाव असतं तर हा पुनर्जन्म सर्व्हरला कळलाच नसता. आणि दर वेळी नवं नाव घेतलं असतं तर? तर सर्व्हरच्या लेखी हा कोणी तिसराच. जुनी कुलपं मुदत संपेपर्यंत तशीच राहतात. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या सर्व्हरवर ही मुदत साधारण ९० सेकंदांची. तेवढा वेळ यंत्र स्वतःच्याच भुताने लावलेल्या कुलपापुढे ताटकळत बसतं. संगणकात मला माहीत असलेलं भूत हे एवढंच.

सर्व्हर स्वतः बंद पडून उठला तरी नावच कामी येतं. नावांची नोंद त्याने डिस्कवर ठेवलेली असते, आणि उठल्यावर थोडा वेळ फक्त त्या नावांनाच आपली जुनी कुलपं परत मागता येतात.

आता लॅबकडे. लिनक्स हे नाव मुख्यतः होस्टनेमवरून बनवतं. चोवीसही संगणक एकाच डिस्कची नक्कल, म्हणून सगळे लॅब-०१. पण प्रत्येक सुरू झाला वेगळ्या क्षणी, म्हणून व्हेरिफायर वेगळा. दुसरा आला की सर्व्हरला वाटतं, पहिलाच मरून परत आला. पहिल्याची कुलपं गेली. पहिला गोंधळून पुन्हा ओळख सांगतो, की दुसऱ्याची जातात. आमच्याकडे एका वाड्यावर चार नाईक असले की पोस्टमन घराचं नाव विचारून घेतो. इथे सर्व्हर विचारत नाही. कर्बेरॉस ही ओळख पटवून घेणारी व्यवस्था लावली असती तर नाव सांगणारा नक्की कोण, हे तपासता आलं असतं आणि वेगळ्या प्रिन्सिपलने, म्हणजे त्या व्यवस्थेतल्या वेगळ्या खातेदाराने, तेच नाव घेतलं तर 'हे नाव वापरात आहे' म्हणून नकार मिळाला असता. कंटेनरांत, म्हणजे एकाच यंत्रात एकमेकांपासून वेगळे ठेवलेल्या प्रोग्रॅमांत, तर प्रत्येक नेटवर्क नेमस्पेस (नेटवर्कचा वेगळा कप्पा) हा स्वतंत्र क्लायंट, त्यामुळे त्यालाही वेगळी ओळख द्यावी लागते.

लॅब-०१ ते लॅब-२४ अशी होस्टनेम दिली. शिवाय लिनक्समधल्या एनएफएस मॉड्यूलला प्रत्येक यंत्राचा वेगळा क्रमांकही दिला. त्यासाठी तिथे खास पॅरामीटर आहे. मशीन-आयडी, म्हणजे डिस्कवरच्या फाइलीत लिहिलेला यंत्राचा ओळखक्रमांक, वापरायचा मोह झाला होता, पण डिस्कची नक्कल करताना तोही हुबेहूब उतरतो. ती फाइल नक्कल काढण्याआधीच रिकामी करून ठेवायला हवी होती.

मग सगळे संगणक एकदम लावले आणि सर्व्हरवर क्लायंटांची यादी उघडली. आधी तिथे एकच क्लायंट दिसे, आणि त्याचा आयपी पत्ता सारखा बदलत असे. आता चोवीस ओळी होत्या.