फेसाळ लघवी आणि सहा महिन्यांची वाट

परळच्या रुग्णालयात मूत्रपिंडतज्ज्ञांपुढे बसलेला पन्नाशीचा रुग्ण अनेकदा दोनच गोष्टी सांगतो: संध्याकाळी लोकलमधून उतरेपर्यंत चपलेचे पट्टे पावलांत रुतलेले असतात आणि लघवीला साबणासारखा फेस येतो. दिवसाकाठी साडेतीन ग्रॅमहून अधिक प्रथिने लघवीवाटे जात असतील, तर प्रौढांमध्ये ज्या आजारांचा विचार आधी होतो, त्यांत मेंब्रेनस नेफ्रोपॅथी प्रमुख आहे. यात शरीराचीच प्रतिपिंडे (अँटीबॉडीज) मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळण्यांच्या पडद्यावर जाऊन बसतात. बहुतेक रुग्णांत त्यांचा रोख ‘पीएलए२आर’ या प्रथिनावर असतो, हे २००९ मध्ये उमगले. आता ही प्रतिपिंडे रक्तात मोजता येतात आणि त्यामुळे काहींची बायोप्सीही (मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासणे) टळते.

ढोबळमानाने एक तृतीयांश रुग्ण प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवाचून सावरतात, तेवढ्याच जणांची प्रथिनगळती चालू राहूनही मूत्रपिंडे तग धरतात, आणि उरलेल्यांची कालांतराने निकामी होतात. म्हणूनच, क्रिएटिनिन (मूत्रपिंडे किती काम करतात हे सांगणारा रक्तातील घटक) ठीक असेल तर पहिले सहा महिने केवळ रक्तदाबाच्या, सूज उतरवणाऱ्या गोळ्या आणि कमी मीठ एवढ्यावर भागवले जाते. पापड-लोणचे सोडणे एक वेळ जमते, पण ‘डॉक्टर काहीच करत नाहीत’ ही घरच्यांची कुरकुर सोसणे अधिक अवघड असते. या काळात रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन फार घसरले तर रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो, त्यावर मात्र बारीक लक्ष हवे.

गळती थांबली नाही, तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू होतात: रिटक्सिमॅब, किंवा धोका जास्त असल्यास स्टेरॉइड आणि सायक्लोफॉस्फमाइड आलटून-पालटून देतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २ वर्षांनंतर रिटक्सिमॅब घेतलेल्यांपैकी ६० टक्के, तर सायक्लोस्पोरिन हे त्याच प्रकारचे दुसरे औषध घेतलेल्यांपैकी केवळ २० टक्के रुग्णांचा आजार आटोक्यात होता. औषध लागू पडले की आधी प्रतिपिंडे घटतात. प्रथिने मात्र महिनोन्‌महिने मागून कमी होतात, त्यामुळे लवकर निराश होण्याचे कारण नाही.

एक प्रश्न सुरुवातीलाच विचारायला हवा: चेहऱ्याला कोणते क्रीम लावता? केरळमधील डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात नोंदवलेल्या २२ रुग्णांपैकी १५ जणांत ‘नेल-१’ या वेगळ्या प्रथिनाशी निगडित प्रकार आढळला, आणि त्यांतील १३ जण गोरेपणाची क्रीमे वापरत होते. अशा क्रीमांतील पारा हे कारण असेल, तर ते बंद करणे हाच पहिला उपचार ठरतो.